काचेतला दर्या

मत्स्यपेटीला कलाप्रकार म्हटले तर साहित्याच्या वाचकाला ते अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातली, पाहुण्यांच्या मुलांनी काचेवर टिचक्या माराव्यात एवढ्यापुरतीच असलेली ती वस्तू. तिच्यासाठी सौंदर्यशास्त्राला कशाला तसदी द्यायची? पण चौकट, प्रकाश, निवड, मांडणी आणि समोर बसून पाहणारा माणूस एवढ्या गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे अनुकृतीचा प्रश्न आपोआपच येतो. आणि अनुकृतीचा प्रश्न आला की तिच्या पाठोपाठ 'कशाची?', 'किती?' आणि 'कशासाठी?' हे तिन्ही प्रश्न येतात. गेली दोन वर्षे मी मालवणातल्या माझ्या घरी खाऱ्या पाण्याची एक पेटी मोडून नव्याने मांडतो आहे. ती 'अधिक नैसर्गिक दिसावी' एवढाच मूळचा साधा हेतू होता. 'नैसर्गिक' हा एकच शब्द मला वाटेत कुठे कुठे घेऊन गेला, त्याचा हा ताळेबंद.

पेटी माझ्याकडे आली ती एका पुणेकर मित्राकडून. तो परदेशी निघाला होता आणि पेटी बरोबर नेणे शक्य नव्हते. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. काठोकाठ भरली तर १८२ लिटर पाणी मावेल अशी. वर गडद निळा एलईडी दिवा, तळाशी पांढरीशुभ्र वाळू, मागच्या काचेला टेकून रचलेली दगडांची भिंत, आणि त्या भिंतीवर जागोजागी चिकटवलेली गुलाबी-जांभळी रेझिनची प्रवाळे. पाण्याला लाटेसारखा हेलकावा देणारा एक पंप, सेंद्रिय मळ फेसाबरोबर वर ओढून काढणारा स्किमर, आणि या साऱ्यात फिरणारे, मत्स्यबीज केंद्रात जन्मलेले दोन नारिंगी क्लाऊनफिश. रात्री दिवाणखान्यातले बाकीचे दिवे मालवले की पेटी एखाद्या दागिन्यांच्या दुकानासारखी लखलखत असे.

खरी प्रवाळे तीत नव्हती; असणे शक्यही नव्हते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणाऱ्या सर्व प्रवाळांचा समावेश झाला. त्यांच्याबरोबर काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही आले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली, तरी प्रवाळांचे स्थान पहिल्याच अनुसूचीत राहिले. म्हणजे युरोप-अमेरिकेतला हौशी माणूस ज्याला 'रीफ टँक' म्हणतो आणि ज्यात तो जिवंत प्रवाळांच्या फांद्या रोपांसारख्या वाढवतो, तो प्रकार भारतातल्या घरात कायद्याने बसत नाही. इथली अशी पेटी जन्मापासूनच एका अनुपस्थितीभोवती रचलेली असते. ज्याच्यासाठी सारा खटाटोप, ते प्रवाळच तीत नसते. मला हे बंधन कधी जाचक वाटले नाही. उलट पुढे जो विचार सुचत गेला, त्याची सुरुवातच या रिकाम्या जागेतून झाली.

माझ्या शेजारी एक वयस्क रापणकर राहतात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसांनी मिळून ओढायचे लांबलचक जाळे. त्यांचे अवघे आयुष्य ते ओढण्यात गेले. पेटी पाहायला आले तेव्हा बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तरांनू, ह्यो दर्या खंयचो?"

हा प्रश्न जितका साधा तितकाच समीक्षकाचा आहे. हा समुद्र कुठला? प्रामाणिक उत्तर असे की, कुठलाच नाही. तो दूरचित्रवाणीवरच्या निसर्गपटांतून, संगणकाच्या पडद्यावरच्या चित्रांतून, तांबड्या समुद्राच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तींच्या छायाचित्रांतून गाळून घेतलेला 'समुद्र' होता. प्रवाळ म्हटले की पारदर्शक निळे पाणी आणि फुलबागेसारखे रंग ही जी प्रतिमा आपल्या मनात उमटते, ती अशी आयात केलेली आहे. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, पण ते असे नाहीत. इथले प्रवाळ बहुतांशी गोट्यांसारखे, ढेपांसारखे किंवा खडकावर लेप दिल्यासारखे पसरलेले. पोराइट्स, फेव्हिटीस, गोनिॲस्ट्रिया, टर्बिनारिया ही त्यांची शास्त्रीय कुळनामे. रंग तपकिरी, करडा, शेवाळी. पावसाळा सरला की सरगॅसम या तपकिरी समुद्रशैवालाची रानेच्या राने खडकांवर माजतात आणि खालचे प्रवाळ दिसेनासे होतात. पाणीही निळे नाही. खोल, स्वच्छ समुद्रात तांबडा प्रकाश लवकर शोषला जातो आणि निळा खोलवर पोचतो. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात मात्र वनस्पतिप्लवक आणि जमिनीवरून वाहून आलेली पिवळसर द्रव्ये निळाच प्रकाश आधी गिळतात, आणि उरतो तो हिरवा. मालवणच्या चार-पाच मीटर खोलीवरचा उजेड हा पाचूच्या नव्हे, तर ताज्या शेवाळाच्या रंगाचा असतो. म्हणजे पेटीतली सर्वांत 'सागरी' वाटणारी गोष्ट, तो निळा दिवा, हीच इथल्या समुद्राच्या दृष्टीने सर्वांत परकी होती.

मराठी वाचकाला हा घोटाळा ओळखीचा वाटावा. प्रादेशिक कादंबरीबद्दल आपल्याकडे जो वाद वर्षानुवर्षे झाला, तो याच मुद्द्याचा होता. माड, होड्या, फणस, हेल काढून बोलणारी इरसाल माणसे एवढे सामान मांडले की कोकण उभे राहते का? की प्रदेश ही स्वतःची गती, स्वतःचा कायदा असलेली एक शक्ती आहे, आणि ती पात्रांच्या आयुष्यात शिरली तरच कादंबरी प्रादेशिक होते? वेंगुर्ल्याच्या परिसरातून आलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या १९६६ सालच्या 'कोंडुरा'त समुद्राचे वर्णन रमणीय आहे म्हणून ती कादंबरी लक्षात राहत नाही. तिथला समुद्र माणसांच्या मनाशी काहीतरी करतो म्हणून ती राहते. माझ्या पेटीतली रेझिनची प्रवाळे म्हणजे कॅलेंडरावरचे कोकण होते.

तेव्हा पेटी मोडायची ठरली. क्लाऊनफिश एका हौशी मित्राकडे गेले, निळा दिवा आणि प्रवाळे खोक्यात गेली. मग मी या छंदाचा पूर्वेतिहास वाचायला बसलो, आणि एक गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे 'नैसर्गिक' हा शब्द इथे आरंभापासूनच आहे, मात्र दर पिढीत त्याचा अर्थ पालटला आहे.

१८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरची लहान प्रवाळे लंडनला आणून जगवली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसे. पुढे समुद्रशैवाल ठेवले की प्राणवायूचा प्रश्न काही अंशी सुटतो हे त्यांच्या ध्यानात आले. 'नैसर्गिक'चा तेव्हाचा अर्थ होता प्राणी आणि वनस्पती यांचा मेळ. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आले. घरोघरी पेट्या आल्या. लोक टोपल्या-बरण्या घेऊन डेव्हनच्या खडकाळ किनाऱ्यावर धावले. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ सालच्या 'फादर अँड सन' या आत्मकथनात याचा शेवट नोंदवला आहे: वडिलांच्या ज्या पुस्तकांनी लोकांना त्या डबक्यांचे सौंदर्य दाखवले, त्या पुस्तकांच्याच वाचकांनी ती डबकी ओरबाडून रिकामी केली. निसर्गावरच्या प्रेमाचे इतके कडू फळ साहित्यात क्वचितच नोंदले गेले असेल.

त्यानंतरचा टप्पा जकार्तातला. ली चिन एंग यांनी १९६१ च्या सुमारास आपल्या 'निसर्गाच्या मत्स्यालया'ची पद्धत प्रसिद्ध केली. गाळणी यंत्रे नाहीत. समुद्रातून सूक्ष्म जिवांसकट आणलेले खडक, समुद्राचेच पाणी, हवेचे बुडबुडे आणि ऊन, एवढ्यावर त्यांची पेटी चाले. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया विषारी असतो. खडकांच्या भोकांत राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. म्हणजे दगड हा पेटीचा अलंकार नव्हे, तिचे यकृत आहे. 'नैसर्गिक'चा हा दुसरा अर्थ: दिसण्याचा नव्हे, चालण्याचा.

तिसरा अर्थ ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराचा. १९५४ साली निइगाता येथे जन्मलेल्या आणि २०१५ साली वारलेल्या अमानोंनी गोड्या पाण्याच्या पेट्यांत पाणवनस्पती आणि दगड अशा रीतीने मांडले की त्यांत डोंगर, कुरणे, अरण्ये दिसावीत. विषम संख्येचे दगड, त्यांतला एक मुख्य आणि बाकीचे त्याच्याकडे कललेले. भोवती भरपूर मोकळी जागा. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी आयुष्याच्या अखेरीस ४० मीटर लांबीचे एक जलमग्न अरण्य उभे केले. खाऱ्या पाण्याच्या हौशी लोकांनीही पुढे ही दृष्टी उचलली. दगडांची भिंत जाऊन बेटे आली, कमानी आल्या, रिकाम्या जागेला मोल आले.

मीही आरंभी याच वाटेने गेलो. दगड हवे होते, पण समुद्रातले नको होते. अभयारण्यातून काही उचलण्याचा प्रश्नच नव्हता, आणि पुष्कळदा 'खडक' म्हणून विकले जाते ते मृत प्रवाळच असते. म्हणून पांढरे सिमेंट, वाळू आणि जाडे मीठ कालवून मी घरीच दगड ओतले. मीठ पाण्यात विरघळून गेले की दगड भोकांचा, सच्छिद्र होतो. सिमेंटचा अल्कपणा निघून जाण्यासाठी ते दोन महिने गोड्या पाण्यात भिजत ठेवावे लागतात. परसातल्या दोणीत ते पडून होते आणि पाणी मी दर चार दिवसांनी बदलत होतो. मग मांडणी सुरू झाली, आणि इथे मला मर्ढेकरांची आठवण झाली. 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये त्यांनी लयीचे जे तीन नियम सांगितले, संवाद, विरोध आणि समतोल, ते या कामाला इतके चपखल लागू पडतात की नवल वाटावे. समान पोताचे दगड हा संवाद. उभ्या सुळक्याशेजारी आडवी सपाट वाळू हा विरोध. एका अंगाच्या मोठ्या दगडाला दुसऱ्या अंगाच्या मोठ्या पोकळीने तोलून धरणे हा समतोल. तीन आठवडे मी दगड सरकवत होतो. शेवटी एक मांडणी अशी जमली की तीत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

आणि नेमके तेच खटकू लागले. मर्ढेकरांच्या नियमांना कुठल्याही समुद्राशी देणेघेणे नाही. ते शुद्ध संवेदनांच्या संबंधांचे नियम आहेत. माझी मांडणी सुंदर होती, पण ती जपानी डोंगराचीही असू शकली असती. शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर अजूनही 'कुठलाच नाही' असेच होते. कान्टने १७९० सालच्या ग्रंथात दोन गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्या एकमेकींच्या आड येतात असे वाटते. एक अशी की कलाकृती ही कला आहे हे आपल्याला ठाऊक असते, तरीही ती निसर्गासारखी दिसली पाहिजे. दुसरी गोष्ट एका खाणावळवाल्याची. पाहुण्यांना बुलबुलाचे गाणे ऐकवता यावे म्हणून तो झुडपात एक पोर लपवून ठेवतो. पोर हुबेहूब शीळ घालते. पण लबाडी कळताक्षणी तेच सूर कुणाला ऐकवत नाहीत. म्हणजे निसर्गसौंदर्यातला आपला रस केवळ आकारात नसतो. ते खरोखर निसर्गाचे आहे, या विश्वासात असतो. मग मत्स्यपेटी कुठे बसते? ती झुडपातले पोर आहे की पिंजऱ्यातला खरा बुलबुल? बाकी कोणत्याही कलेपेक्षा ती चमत्कारिक अशासाठी की तिचे माध्यमच जिवंत आहे. चित्रातल्या माशाला श्वास घ्यावा लागत नाही.

मांडणी तशीच ठेवून मी वही घेऊन ओहोटीला खडपांवर जाऊ लागलो. अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा, पर्यटक न येणारा एक खडकाळ पट्टा मी निवडला. काही उचलायचे नाही, फक्त पाहायचे आणि टिपायचे. चारपाच फेऱ्यांतच एक गोष्ट डोळ्यांत भरली. किनाऱ्यावरच्या खडकाची रचना दगडांनी ठरत नाही, पट्ट्यांनी ठरते. सर्वांत वर, जिथे केवळ उधाणाचे तुषार पोचतात, तिथे बारीक गोगलगायी. त्यांच्याखाली कालवांचा धारदार, पांढुरका पट्टा. त्याखाली हिरव्या शेवाळाचा निसरडा थर. मग बटणांसारखी एकाला एक चिकटून गालिचा विणणारी झोअँथिड, मधल्या डबक्यांत मिटलेली समुद्रफुले आणि कुणाच्या तरी शंखात बिऱ्हाड केलेले लहान खेकडे. अगदी खाली, मोठ्या ओहोटीलाच उघडे पडणारे सरगॅसम. प्रत्येक जिवाची उंची ठरलेली. आणि ती ठरवतो तो पाण्याबाहेर राहण्याचा काळ. कुणाला दोन तास कोरडे राहणे सोसते, कुणाला सहा. तो खडक म्हणजे भरती-ओहोटीने लिहिलेला एक आलेख होता.

तेव्हा उमगले की आजवरच्या सगळ्या पेट्यांत, माझ्या आणि इतरांच्याही, अवकाश होता, काळ नव्हता. पाण्याची पातळी स्थिर, दिवा घड्याळाच्या काट्यावर, हेलकावा यंत्राचा. चित्राच्या नियमांनी बांधलेली ती एक स्थिर चौकट होती. मालवणचा समुद्र पेटीत आणायचा तर मालवणचा दगड किंवा मासा आणण्यापेक्षा मालवणची भरती आणायला हवी.

हे तांत्रिकदृष्ट्या वाटते तितके अवघड नाही. पेटीच्या खालच्या कपाटात दुसरी टाकी ठेवली. एक लहान पंप तासाला दहा लिटर या संथ गतीने पाणी खाली नेतो, दुसरा तेवढ्याच गतीने वर आणतो. सहा तास आणि साधारण बारा मिनिटांत साठेक लिटर पाणी उतरते, म्हणजे पातळी सुमारे पंधरा सेंटिमीटर खाली जाते. मालवणच्या दोन-अडीच मीटरांच्या मानाने हे बाळसमुद्राचे श्वास म्हणावेत इतके लहान. पण दगडाचा वरचा तिसरा हिस्सा दिवसातून दोनदा उघडा पडतो. अडचण वेगळीच होती. बाजारातला टायमर चोवीस तासांचा असतो, आणि समुद्र सूर्याच्या घड्याळाने चालत नाही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग. आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने एवढ्यासाठी लहानसा प्रोग्रॅम लिहून दिला. तो चालू झाला त्या दिवशी शेजारी आले होते. त्यांना पडद्यावरच्या आकड्यांशी काही कर्तव्य नव्हते. त्यांनी विचारले, "आज तिथी खंयची?" पंचमी होती. "म्हणजे पावणेचार," ते म्हणाले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. पंचमीची पावणेचार, अष्टमीची सहा. काटेकोर नव्हे, पण अदमासाला पुरता. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. म्हणून पुढे त्या विद्यार्थ्याने पातळीची घटबढही तिथीप्रमाणे कमी-जास्त केली.

सहा महिन्यांत पेटीने स्वतःच लिहायला घेतले. मी जिथे काहीच लावले नव्हते, तिथे पट्टे उमटले. वरच्या काठावर हिरवी साय, तिच्याखाली तपकिरी रेघ. समुद्राच्या पाण्यातून नकळत आलेल्या सूक्ष्म अळ्यांतून काचेवर पांढऱ्या, वेटोळ्या नळ्यांचे किडे उगवले. गोगलगायी भरतीबरोबर वर आणि ओहोटीबरोबर खाली जाऊ लागल्या. रापणीत नको म्हणून बाजूला पडलेल्या मासळीतून वाचवून आणलेली, काळ्या पट्ट्यांची दोन लहान पोरे ओहोटीच्या वेळी दगडाच्या बुंध्याशी येऊन थांबतात आणि पाणी चढू लागताच वर धावतात. दिवा आता हिरवट पांढरा आहे. माझी ती निर्दोष मांडणी शेवाळाने केव्हाच पुसून टाकली. पाहुणे पूर्वीसारखे थबकत नाहीत. एकदोघांनी "पेटी साफ करायची राहिली वाटतं" असेही म्हटले. मी ते कौतुक समजतो.

पण 'नैसर्गिक' या शब्दाची भूक इथे भागत नाही. ती वाढत जाते. भरती आणली, मग पावसाळा का नको? जून ते सप्टेंबर या दिवसांत इथे नद्यांचे लाल पाणी समुद्रात उतरते, खारेपणा घटतो, उजेड विझतो. तो का आणू नये? मोठा मासा लहान माशाला खातो, ते का आणू नये? उपासमार, रोग, वादळ? इथे हात थांबतो, आणि थांबलाच पाहिजे असे मला वाटते. समुद्रातल्या माशाला गोडे पाणी नकोसे झाले तर तो खोल पाण्यात जाऊ शकतो. पेटीतला कुठे जाणार? निसर्गाची कठोरता आणायची पण निसर्गाने दिलेली पळवाट आणायची नाही, याला वास्तववाद म्हणत नाहीत. कादंबरीकार आपल्या पात्राला उपाशी मारू शकतो, कारण पात्र उपाशी नसते. माध्यम जिवंत असले की कलेच्या स्वायत्ततेला मर्यादा पडते, आणि ही मर्यादा मर्ढेकरांच्या कोणत्याही नियमात सापडत नाही. ती पाळणाऱ्याच्या जबाबदारीतून येते. माझी पेटी पावसाळ्यातही गढूळ होत नाही. मे महिन्यात भरून ठेवलेल्या पाण्यावर ती चार महिने काढते. एवढी कृतकता मी राखून ठेवली आहे.

उरला तो माणूस. माझ्या वहीतल्या सगळ्या टिपणांत खडक, शेवाळ, शिंपले होते. आणि ज्या किनाऱ्यावर मी ती टिपणे काढत होतो तिथे तुटक्या जाळ्याचे तुकडे, नांगराचे दोर, कौलांच्या खापऱ्या पावलोपावली पडलेल्या होत्या. त्या मी टिपल्याच नव्हत्या, कारण त्या 'निसर्ग' नव्हत्या. विल्यम क्रोनन या अमेरिकन इतिहासकाराने १९९५ साली एका गाजलेल्या निबंधात म्हटले आहे की, निर्मनुष्य अरण्य ही निसर्गाची मूळ अवस्था नसून शहरी माणसाने घडवलेली एक कल्पना आहे. मालवणात ही कल्पना केवळ तात्त्विक नाही. १३ एप्रिल १९८७ रोजी इथे सागरी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा. नकाशावर आखलेल्या या पाण्यात पिढ्यान्पिढ्या मासेमारी चालत होती, आणि मच्छीमारांचा अभयारण्याला विरोध राहिला तो त्यामुळेच. पुढे स्नॉर्केलिंग आले, रोजगार आला. त्याबरोबर प्रवाळांवर पडणारे नांगर आणि पाय आले, माशांसाठी पाण्यात टाकलेला पाव आला. ज्याला त्याला इथला समुद्र हवा आहे, मात्र दुसऱ्याच्या माणसांशिवाय. अभ्यासकाला मच्छीमार नको, मच्छीमाराला अभयारण्य नको, पर्यटकाला छायाचित्रात दुसरा पर्यटक नको.

आणि समोर किल्ला उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला गेला. ४८ एकरांचे बेट, तीनेक किलोमीटर लांबीचा तट. ओहोटीला त्या तटाच्या बुंध्याकडे पाहावे. कालवांनी आणि शेवाळाने घडीव चिरा कुठला आणि मूळ खडक कुठला हे ओळखू येत नाही. अभयारण्याच्या गाभ्याच्या मधोमध साडेतीन शतकांपूर्वीचे एक मानवी बांधकाम आहे आणि समुद्राने ते केव्हाच आपले म्हणून टाकले आहे. गेल्या दशकात याच पाण्यात काँक्रीटच्या चौकटींवर प्रवाळांचे तुकडे बांधून लावण्याचे प्रयोग झाले. त्यांनाही समुद्राने परके मानले नाही. कालवाला दगडाचा जन्मदाखला लागत नाही. तो विचारतो फक्त एवढेच: इथे घट्ट धरून राहता येईल का?

आमच्या जुन्या घराचा एक फुटका पाटा परसात पडून होता. काळ्या दगडाचा, टाकी लावून लावून खवल्यांसारखा झालेला, मधोमध आजीच्या वरवंट्याने खोलगट झिजलेला. तो घासून, उकळून मी पेटीत उभा केला. अमानोंच्या शिष्यांना तो सहन होणार नाही. त्याची एक कड सरळ रेषेत आहे आणि निसर्गात सरळ रेषा नसते असा त्यांचा सिद्धान्त. आई म्हणाली, "पाटो दर्यात टाकलंस? बरां केलंस. कोण वाटता आता." आज त्या टाकीच्या घावांत हिरवे शेवाळ बसले आहे आणि खोलगट भागात ओहोटीला अर्धा पेला पाणी मागे राहते. एका लहान खेकड्याचे ते डबके झाले आहे.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न कुणी विचारला तर मी आता सौंदर्याचे कारण देत नाही. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला अन्न आणि रंग देतात. पाणी नेहमीपेक्षा एकदोन अंशांनी तापून काही आठवडे तसेच राहिले की हा सहवास तुटतो आणि प्रवाळ पांढरे पडते. २०१५-१६ मध्ये मालवणच्या प्रवाळांवर हे संकट येऊन गेले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली. माझ्या पेटीचे तापमान एक पंखा २८ अंशांवर सांभाळतो. बाहेरच्या समुद्राला तसा पंखा नाही. एखादी अनुकृती मूळ कृतीपेक्षा अधिक काळ टिकावी, ही साहित्यात अभिमानाची गोष्ट मानली जाते. गावे बुडतात आणि कादंबऱ्या उरतात. माझ्या पेटीबाबत ही शक्यता मनात आली की अंगावर काटा येतो. म्हणूनच तीत प्रवाळाची जागा मी मोकळी ठेवली आहे. मधल्या दगडाच्या माथ्यावर हाताच्या तळव्याएवढा एक सपाट भाग आहे; तिथे शेवाळ वाढू लागले की ब्रशने काढतो. कुणी विचारले तर सांगतो की इथे जे असायला हवे ते इथून तीन किलोमीटरवर, किल्ल्याच्या पाठीमागे पाण्याखाली आहे, आणि ते पाहायचे असेल तर तिथेच जावे लागेल; होडीवाल्याला नांगर वाळूवर टाकायला सांगावा, पाय खडकावर टेकू नयेत, आणि बरोबर पाव नेऊ नये.